दहावी फ्रेम

१

थोरल्याचं प्रेत सकाळी सहाला सापडलं आणि त्याचा कॅमेरा साडेसहाला. प्रेत खाली, जलाशयाच्या काठच्या दगडांत. कॅमेरा वर, कड्याच्या टोकाला, तिपाईवर जसाच्या तसा उभा, दवानं ओलाचिंब, बॅटरी संपलेली.

पोलिसांना फार डोकं चालवावं लागलं नाही. कॅमेऱ्यातला शेवटचा फोटो संध्याकाळी साडेसातचा होता. म्हणजे साडेसातपर्यंत माणूस जिवंत होता, काम पुरं करून काही कारणानं खाली उतरला, अंधारात पाय घसरला, डोकं आपटलं. वेगळी राहणारी बायको त्या वेळी आपल्या दुकानात होती, चार गिऱ्हाइकं साक्षीला. ज्याच्याशी रोज खटके उडायचे तो पहारेकरी पलीकडच्या टोकाला, आपल्या खोलीत. आणि धाकटा भाऊ सात पंचवीसला घरी पोचून आईला गोळी देत होता; हे खुद्द आईनंच सांगितलं. कड्यापासून घर स्कूटरवर पंधरा मिनिटं. फाइल आठ दिवसांत मिटली.

तीन आठवड्यांनी त्या आईनं भिंगमावशीला बोलावून घेतलं.

भिंगमावशीचं खरं नाव नोकरीच्या कागदांवर राहिलं होतं. सरकारी प्रयोगशाळेत चौतीस वर्षं तिनं खोट्या सह्या आणि खाडाखोड केलेले फोटो तपासले, आणि निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी पर्समध्ये कंगव्याच्या जोडीला भिंग असायचंच. लग्न केलं नाही. कुणी विचारलं की म्हणायची, "एवढ्या जवळून बघितलं की कोण आवडणार?"

थोरल्याची आई तिची लहानपणापासूनची मैत्रीण. सगळे तिला माई म्हणत. आठ वर्षांपूर्वी जिन्यावरून पडली तेव्हापासून मानेखालचं अंग हलत नव्हतं. तिच्या पलंगासमोरच्या भिंतीवर थोरल्याचं शेवटचं चित्र लावलं होतं. सात फूट लांब, हातभर रुंद. डावीकडे डोंगराची कड, मध्ये पाणी, उजवीकडे काठचे दगड आणि धरणाची भिंत. दिवस मावळल्यानंतरचा तो निळा प्रकाश, ज्यापायी थोरला बावीस वर्षं एकही संध्याकाळ घरी थांबला नव्हता.

"उजवीकडे बघ," माई म्हणाली. "काय दिसतं?"

"अंधार."

"माझ्या पोरानं अंधार असा कधी काढला नाही. त्याच्या अंधारात हात घालावासा वाटायचा. हा नुसता काळा आहे. काहीतरी बिनसलंय गं. मला पडल्या पडल्या दुसरं काम नाही. दिवसभर तेच बघते."

भिंगमावशीनं खुर्ची ओढली, वर चढली आणि भिंग डोळ्याला लावलं. डावी बाजू साईसारखी मऊ होती. मधोमध आली आणि तिचा हात थांबला. तिथून पुढे चित्रभर बारीक रवाळ दाणे होते, वाळू भुरभुरावी तसे.

उजेड कमी पडलेला फोटो मागाहून संगणकावर ओढून ताणून उजळला की असे दाणे येतात. पण थोरल्याच्या फोटोला उजेड कमी पडेल? आणि तोही अर्ध्यातच?

"माई," ती खुर्चीवरूनच म्हणाली, "हे चित्र जोडलं कुणी?"

"धाकट्यानं. नेहमी तोच जोडतो. मीच सांगितलं त्याला, दादाचं शेवटचं चित्र मला करून दे म्हणून."

२

धाकट्याची खोली माईच्या खोलीला लागूनच होती. मधला दरवाजा कायम उघडा. आईनं हाक मारली की ऐकू यायला हवी. पडदे ओढलेले, टेबलावर दोन मोठे पडदे संगणकाचे, आणि खुर्चीच्या पाठीला माईच्या उशीचे धुतलेले अभ्रे वाळत घातलेले. धाकटा चाळिशीचा, रुंद खांद्यांचा माणूस. गेल्या तीन आठवड्यांत खांदे तेवढे उरले होते.

"ये मावशी. आई म्हणाली, तुला फ्रेमा बघायच्यात."

"जोडलेलं नको. सुटे तुकडे दाखव. आणि मला अडाण्याला सांगतात तसं सांग."

तो थोडा हसला. "हा एवढा लांब देखावा एका फोटोत मावत नाही. म्हणून तिपाई रोवायची आणि डावीकडून उजवीकडे कॅमेरा थोडा थोडा फिरवत एकेक फ्रेम घ्यायची. प्रत्येक फ्रेमचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग पुढच्या फ्रेममध्ये यायला पाहिजे. मग मी इथं बसून एकावर एक बसवतो आणि सांधा पुसतो."

"अर्धा कशाला? थोडासा पुरत नाही?"

"पुरतो. पण दादाची पद्धत. कमी उजेडात कुठली फ्रेम हलली, बिघडली, तर ती गाळता येते. तिची डावी बाजू मागच्या फ्रेममध्ये असते, उजवी पुढच्या. चित्राला भोक पडत नाही."

"आणि लागोपाठच्या दोन बिघडल्या तर?"

"तर मेलो," तो म्हणाला, आणि लगेच त्यानं नजर दुसरीकडे वळवली.

त्यानं सगळ्या फाइली कुरकुर न करता तिच्या हवाली केल्या. मावशीनं पडद्यावरचे आकडे बोट लावून मोजले. नऊ. अकरा.

"दहावी कुठे?"

"हलली असेल. दादानं तिथंच पुसली असेल कॅमेऱ्यात."

उत्तर सरळ होतं. फक्त ते फार पटकन आलं होतं.

मावशी तिथून थेट ठाण्यावर गेली. ठाण्याचे साहेब नवीन भरती झाले होते तेव्हा हिनंच त्यांना पुरावा पाकिटात कसा भरायचा ते शिकवलं होतं. त्यांनी चहा मागवला, पंचनामा काढून दिला आणि म्हणाले, "मावशी, आराम करा हो आता. सरळ अपघात आहे."

ती वाचत गेली. तिपाई एक. फिरणारं डोकं एक. दिवा, डोक्याला बांधायचा, काच फुटलेली, प्रेताजवळ. कॅमेरा एक, आतल्या कार्डावर फोटो...

तिनं ती ओळ दोनदा वाचली. आतल्या कार्डावर फोटो एकूण चौदा.

"कार्ड परत कुणाला दिलंत?"

"भावाला. सही आहे बघा."

पोलिसांच्या हातात होते तेव्हा फोटो चौदा होते. थोरला मेल्यावर चौदा. आता तेरा.

३

थोरल्याच्या बायकोचं कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान होतं. वाफेनं भरलेलं, स्टार्चच्या वासाचं. ती इस्त्री फिरवता फिरवताच बोलत होती.

"मावशी, माझ्यावर संशय असेल तर खुशाल घ्या. पण मी त्याला टाकलं नव्हतं. मी त्याच्या संध्याकाळींना कंटाळले होते. आजारपण असो, पाहुणे असोत, पाच वाजले की स्वारी पाठीवर पिशवी टाकून निघाली. शेवटी मी म्हटलं, मीही माझी संध्याकाळ माझ्या दुकानात घालवते."

"तू कधी गेलीस त्याच्याबरोबर?"

"पहिली दोन वर्षं. थंडीत कुडकुडत बसायचं. तो तोंडानं मोजायचा. दहा सेकंद. पुढच्या फ्रेमला उजेड थोडा उतरलेला, की बारा. मग पंधरा, मग वीस. उजेड जसा जाईल तसा वेळ वाढवत न्यायचा, म्हणजे सगळ्या फ्रेमा एकसारख्या उजळ येतात. मध्ये मी बोलले की अंगावर यायचा. आकडा चुकायचा ना." तिनं शर्टाची कॉलर उलटली. "धाकट्यानं त्याला ते फिरणारं डोकं आणून दिलं होतं. बटण दाबलं की आपोआप फिरतं, आपोआप फोटो काढतं. त्याला म्हणायचा खेळणं. वापरायचा, पण मोटर बंद ठेवून, हातानंच फिरवायचा."

"बिघडलेली फ्रेम पुसायचा?"

"तो? मावशी, त्याच्याकडे माझा लग्नातला डोळे मिटलेला फोटोसुद्धा आहे. जन्मात काही पुसलं नाही त्यानं."

"भावाभावांत कसं होतं?"

इस्त्री थांबली. शर्टावर चट्टा उठेल इतका वेळ थांबली, मग तिनं ती उभी केली.

"हा काढणार आणि धाकटा जोडणार, हे बावीस वर्षं. नाव एकाचंच. धाकट्यानं एकदा म्हटलं होतं, एक चित्र मी काढतो, तू बस घरी आईजवळ. माझ्यासमोर म्हटलं. हा हसला. म्हणाला, तू शिवणकाम कर, ते तुला छान जमतं." ती शर्टाची घडी घालू लागली. "धाकटापण हसला तेव्हा. मावशी, तो चांगला आहे हो. आठ वर्षं आईचं सगळं तोच करतो. सगळं म्हणजे सगळं. आम्ही दोघांनी काय केलं? त्यानं चित्रं काढली आणि मी इस्त्र्या."

मावशी निघाली तेव्हा ती मागून म्हणाली, "त्या दिवशी संध्याकाळी कड्यावर कोण होतं ते पहारेकऱ्याला विचारा. त्याला तिकडचं सगळं दिसतं."

४

पहारेकऱ्याची खोली धरणाच्या भिंतीच्या या टोकाला होती. समोर पाणी, आणि पाण्यापलीकडे तो कडा. माणूस साठीचा, तोंडाळ आणि एकटा. कुणी बोलायला आलं याचाच त्याला इतका आनंद झाला की त्यानं मावशीला स्टूल पुसून दिलं.

"भांडण कसलं बाई! नियमानं सहाला फाटक बंद. तो काही उतरायचा नाही. मी ओरडायचो, तो हात हलवायचा, पंधरा मिनिटं म्हणून. शेवटी आमचं ठरूनच गेलं. अंधार पडला की मी इथून बॅटरी हलवायची, म्हणजे आता उतरा. त्यानं तिकडून डोक्यावरचा दिवा काढून हलवायचा, म्हणजे उतरतोय. अकरा वर्षं चाललंय हे. पोलिसांना सांगितलं नाही. सहानंतर माणूस आत होता म्हटलं तर माझी नोकरी जायची."

"त्या दिवशी दुसरं कुणी होतं वर?"

"सातच्या सुमाराला दोन माणसं दिसली खरी. एवढ्या लांबून कोण ते काय कळणार? मग मी रजिस्टर भरायला आत गेलो."

"आणि दिवा?"

"दाखवला की! त्या दिवशी त्यानंच आधी दाखवला. सव्वासात होऊन गेले असतील. मीही बाहेर येऊन माझी बॅटरी हलवली. त्यानं परत हलवला. मी परत. चार-पाच मिनिटं चाललं होतं आमचं. म्हटलं, आज स्वारी खुशीत दिसते." तो हसला आणि मग त्याचा चेहरा उतरला. "तेच शेवटचं बघा. लगेच उतरला असेल आणि घसरला बिचारा. मला फार लागलं ते मनाला."

मावशीनं पाण्यापलीकडे पाहिलं. कड्याचं टोक वर, आभाळाला लागून. खाली, पायथ्याशी, काठचे काळे दगड.

"दिवा वरून हलत होता ना? कॅमेऱ्याजवळून?"

"नाही," पहारेकरी म्हणाला. "खालून. पाण्यालगतच्या त्या दगडांतून. मलाही वाटलं, आज खाली कुठे गेला?"

मावशी स्टुलावरून उठून उभी राहिली.

"का हो बाई?" त्यानं विचारलं. "काही चुकलं का माझं?"

५

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर भिंगमावशीनं घराचे पडदे ओढले, धाकट्यानं दिलेल्या तेरा फ्रेमा संगणकावर उघडल्या आणि कागदावर तीन रकाने आखले. फ्रेम, घेतल्याची वेळ, किती सेकंद उजेड आत घेतला. फाइलीतच सगळं नोंदलेलं असतं. माणसं फोटो बघतात, आकडे बघत नाहीत.

पहिल्या सहा फ्रेमा थोरल्याच्या होत्या, जणू त्याच्या मोजण्याच्या आवाजासकट. सहा अठ्ठेचाळीस, सहा पन्नास, सहा त्रेपन्न, सहा पंचावन्न, सहा अठ्ठावन्न, सात एक. मधलं अंतर कमीजास्त, माणसाच्या हातानं होतं तसं. आणि सेकंद चढत गेलेले: सहा, आठ, दहा, पंधरा, वीस, पंचवीस.

मग आठ मिनिटं काहीच नाही.

सातवी फ्रेम सात नऊला. आठवी सात बाराला, नववी सात पंधराला. तिथून शेवटपर्यंत दर तीन मिनिटांनी एक, सेकंदाचाही फरक नाही. आणि सगळ्यांना तीस सेकंद. उजेड जात होता, तरी तीसच. म्हणून प्रत्येक फ्रेम आधीच्यापेक्षा काळी. म्हणून जोडताना ती उजळावी लागली. म्हणून दाणे.

सहाव्या फ्रेमपर्यंत माणूस होता. सातवीपासून खेळणं होतं.

थोरल्यानंच बटण दाबलं असेल? दाबून खाली गेला असेल? मावशीनं ही शक्यता प्रामाणिकपणे तपासली, कारण तिला ती खरी निघायला हवी होती. पण मग चौदाच्या तेरा कुणी केल्या? कार्ड पोलिसांकडून सुटलं ते एकाच हातात गेलं. बायकोनं ते पाहिलं नव्हतं, पहारेकऱ्यानं तर नाहीच. पुसणाऱ्याला माहीत होतं की अर्धी अर्धी झाकलेली असल्यामुळे एक फ्रेम गेली तरी चित्राला भोक पडत नाही. आणि सात वीसच्या सुमाराला दिवा खाली हलत होता.

दहाव्या फ्रेमची वेळ सात अठरा. आत काय होतं ते आता कळणार नव्हतं. पण दहाव्या फ्रेमचा मध्य म्हणजे नववीची अगदी उजवी कड. दहावी पुसणाऱ्याला नववी पुसता येत नव्हती. लागोपाठ दोन गेल्या असत्या तर सगळं उघडं पडलं असतं. त्यानं जोडताना ती कड अकराव्या फ्रेमखाली झाकली होती, इतकंच.

मावशीनं नववीची उजवी कड मोठी केली. नुसता काळोख. थोडा उजळला. दाणेच दाणे. अजून उजळला.

दाण्यांमध्ये, फ्रेमच्या अगदी काठावर, एक पिवळट ओरखडा होता. सरळ नव्हता. वर जाऊन वाकलेला. तीस सेकंदांत कुणीतरी दिवा वर उचलला होता, आणि हात खाली येताना दिवा फ्रेमच्या बाहेर गेला होता.

अकराव्या फ्रेममध्ये, सात एकवीसला, त्याच जागी काही नव्हतं.

मावशीनं भिंग खाली ठेवलं. सात पंधराला धाकटा स्कूटरवर होता, घराच्या वाटेवर. आणि थोरला जिवंत होता.

६

ती गेली तेव्हा धाकटा माईची चादर पिळत होता, मोरीत, पाठमोरा. त्यानं वळून न बघताच विचारलं, "कडेला राहिलं का काही? नववीच्या?"

"हो."

"मला वाटलंच होतं." त्यानं चादर बादलीत टाकली, हात पुसले. "आत ये. आई झोपली आहे."

त्यानं मधला दरवाजा लोटला. टेबलाशी बसून संगणकातला नाव नसलेला एक फोल्डर उघडला आणि एक फाइल दाबली. दहावी फ्रेम पडद्यावर आली.

"कार्डावरची पुसली. ही नाही पुसवली."

मधोमध काळ्या दगडांत उजेडाचे तीन वेढे होते. पहिला मोठा. दुसरा त्याहून लहान. तिसरा अर्धवट, खाली लोंबलेला. पाण्यावर त्यांची पुसट पिवळी छाया. चित्र म्हणून कुणी पाहिलं असतं तर सुंदरच म्हटलं असतं.

"मी सांगायला गेलो होतो की पुढचं मी काढणार," धाकटा म्हणाला. आवाजात काही चढउतार नव्हता. "सहा फ्रेमा झाल्या होत्या. म्हटलं, दादा, उरलेल्या मला काढू दे. खाली तुझंच नाव घाल. फक्त काढू दे. तो म्हणाला, मोजणं बिघडवलंस माझं, हो बाजूला. मी तिपाईला हात घातला. त्यानं माझा हात झटकला. मी परत घातला. तिपाई वाचवायला तो मागे सरला, मावशी. मी ढकललं नाही. पण हात मी घातला होता."

"मग?"

"हाक मारली. दोनदा. तिसऱ्यांदा नाही मारली." त्यानं पडद्याकडे बघितलं. "खाली कपारीत काही दिसत नव्हतं. मी धरून चाललो की तो गेला. मग एकच डोक्यात आलं. मला धरून नेलं तर आईला उचलणार कोण? तिला दर चार तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठ सडते. म्हणून मोटर लावली. साडेसातपर्यंत चालेल असं केलं. तीनदा लावली तरी सेटिंग जमेना. सहा-सात मिनिटं तिथंच गेली."

त्यानं पुसलेले हात परत पँटला पुसले.

"पायवाटेनं खाली जायला किती वेळ लागतो माहीत आहे? सात मिनिटं. मी मोजलंय नंतर. रोज जाऊन मोजतो."

"आणि ही फ्रेम कधी बघितलीस?"

"आईनं चित्र मागितलं तेव्हा. जोडायला बसलो. नऊ, दहा, अकरा. बावीस वर्षं तेच काम. दहावी उघडली आणि..." त्यानं पडद्यावरच्या तिसऱ्या वेढ्यावर बोट ठेवलं. मग म्हणाला, "तो मला दिवा दाखवत होता का गं? की पहारेकऱ्याला?"

भिंगमावशीनं आयुष्यभर फक्त कागद बोलतात तेवढंच सांगितलं होतं. कागद यावर काही बोलत नव्हता.

"मला नाही कळत," ती म्हणाली.

पलीकडून माईची हाक आली. झोपेतली नव्हती.

७

माई उशीवर मान उंचावून बघत होती. लोटलेला दरवाजा नीट लागत नसे, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

"बस," ती मावशीला म्हणाली. "मी काही सगळं ऐकलं नाही. पण ऐकायचं काय राहिलं होतं? त्या संध्याकाळी त्यानं मला गोळी दिली आणि पाणी द्यायला विसरला. आठ वर्षांत पहिल्यांदा. मी तशीच गिळली. पोलिसांनी विचारलं तेव्हा वेळ खरी तीच सांगितली. पाण्याचं त्यांनी विचारलं नाही."

"माई, मग मला कशाला बोलावलंस?"

"तू म्हणशील वाटलं, काही नाही गं, तुझ्या म्हातारीच्या डोळ्यांना दिसतं काहीबाही. तुझ्याएवढं बारीक बघणारं कुणी नाही. तू नाही म्हणाली असतीस तर माझा विश्वास बसला असता."

मावशीनं खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"एवढं सांग. पडल्या पडल्या गेला ना?"

एक शब्द पुरला असता. खोटा शब्द कसा वाचावा हे मावशीला चौतीस वर्षांच्या नोकरीनं शिकवलं होतं. कसा बोलावा हे कुणी शिकवलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं, मिटलं, आणि त्या मधल्या वेळातच माईला उत्तर मिळालं.

"किती वेळ?"

"दिवा दिसतो तो चार-पाच मिनिटं. पुढचं फोटोत नाही."

माईनं मान भिंतीकडे वळवली. तेवढीच तिला आपली आपण वळवता येत होती. दारात धाकटा उभा होता. मग माई भिंतीशीच बोलली, "साडेसात झाले असतील. गोळी दे." त्यानं गोळी दिली. पाणीही दिलं. तिचं डोकं हातावर धरून, नेहमीसारखं.

सकाळी त्यानं आईला पुसलं, कपडे बदलले, वळवून ठेवलं आणि फाइल घेऊन एकटाच ठाण्यावर गेला. साहेबांना आधी खरं वाटेना. मग मिटलेली फाइल उघडली गेली, आणि शवविच्छेदनाच्या अहवालातली कुणीच न वाचलेली एक ओळ सापडली: मृत्यू इजेनंतर दोन-तीन तासांनी झाला असावा. पहारेकऱ्याला जबाबाला बोलावलं. त्याला तिथंच समजलं की दिवा कशासाठी हलत होता. त्यानंतर तो कामावर आला नाही. त्याच्या खोलीला कुलूप लागलं.

त्याच सकाळी अकराला भिंगमावशी आणि थोरल्याची बायको माईच्या पलंगाच्या दोन बाजूंना उभ्या होत्या. वळवायची वेळ झाली होती. एकीनं खांद्याखाली हात घातला, दुसरीनं चादरीचं टोक मुठीत धरलं. धाकट्यानं कागदावर सगळं लिहून ठेवलं होतं, कुठला हात कुठे, गुडघा कुठे टेकवायचा, सगळं.

"तीन म्हटलं की ओढा," थोरल्याची बायको म्हणाली.

तीन म्हटलं. माई अर्धी वळली आणि तिथंच अडकली. मावशीच्या मनगटात कळ आली. थोरल्याच्या बायकोनं पलंगावर गुडघा रोवला, परत ओढलं, चादर हातातून निसटली. तिसऱ्यांदा जोर केला तर माई होती तिथून इंचभरही हलली नाही. तिचा चेहरा उशीत दबला होता.

"राहू द्या," उशीतून तिचा आवाज आला. "जरा दम घ्या दोघी. मग बघू."

दोघी धापा टाकत तशाच उभ्या राहिल्या.